लंडन जवळ आणि नाशिक दूर?

गेल्या वर्षी इयत्ता नववीच्या भूगोलाच्या तासाला एका विद्यार्थ्याने मला प्रश्न केला, "सर, मुंबईहून लंडन किती लांब आहे?" प्रश्न साधा होता व उत्तरही मला पाठ होते. मी फळ्यावर लिहिले : सुमारे ७,२०० किलोमीटर. तेव्हा मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, "सर, किलोमीटर नकोत, तास किती लागतात ते सांगा." मी सांगितले, विमानाने साडेनऊ ते दहा तास. यावर पहिल्या बाकावरील एक मुलगी हळूच उद्गारली, "म्हणजे आपल्या गावाहून मुंबईला लागतात तेवढेच की!"

वर्ग हसला, परंतु मला हसू आले नाही. ब्राह्मणपुरीहून शहाद्यास जावे, तेथून रात्रीची बस धरावी, आणि सकाळी डोळे चोळीत मुंबईस उतरावे, हा प्रवास आपल्यापैकी बहुतेकांनी केलेला आहे. त्यास दहा तास सहज लागतात. त्या मुलीने भूगोलाच्या पुस्तकात नसलेली एक गोष्ट अचूक हेरली होती. त्या गोष्टीचा विचार विद्यार्थ्यांनी व विशेषतः त्यांच्या पालकांनी करावा, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

प्रथम अंतराचा विचार करू. आपल्या शाळेतील पृथ्वीच्या गोलाचा घेर दोऱ्याने मोजला तर तो ८० सेंटिमीटर भरतो. प्रत्यक्ष पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. तेव्हा गोलावरील १ सेंटिमीटर म्हणजे ५०० किलोमीटर होत. त्या दिवशी मी मुलांकडून मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरविला. तो साडेचौदा सेंटिमीटरांच्या आतबाहेर भरला. म्हणजे गणित जुळले. परंतु दोरा ज्या प्रदेशांवरून गेला ते पाहून मुलांस नवल वाटले. भिंतीवरील सपाट नकाशावर मुंबई व लंडन यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती इराणच्या आखातावरून इराककडे व पुढे तुर्कस्तानाकडे जाते. गोलावरील ताणलेला दोरा मात्र काठेवाड, कराची, इराण, कॉकेशस पर्वत, काळ्या समुद्राचा उत्तर किनारा, पोलंड आणि जर्मनी असा वर चढून लंडनला उतरतो. सरळ दिसणारी रेघ लांबची, आणि वाकडा दिसणारा दोरा जवळचा! याचे कारण हेच की पृथ्वी गोल आहे, व गोल वस्तूचा सपाट नकाशा काढताना कोठे तरी ओढाताण करावीच लागते. विमाने शक्य तेथे दोऱ्याचा मार्ग धरतात, रेघेचा नव्हे.

नंतर त्याच दोऱ्याने आम्ही ब्राह्मणपुरी ते मुंबई हे अंतर मोजले. सरळ रेषेत ते सुमारे ३२० किलोमीटर आहे. म्हणजे गोलावर जेमतेम ६ मिलिमीटर. एका मुलाने खिशातून तांदळाचा दाणा काढून तेथे ठेवला, तो बरोबर बसला. एकीकडे साडेचौदा सेंटिमीटरांचा दोरा व दुसरीकडे तांदळाचा दाणा, आणि दोहोंस वेळ मात्र सारखाच! एक वाट दुसरीच्या बावीस पट लांब असूनही घड्याळ दोघींस एकाच मापाने मोजते.

असे का व्हावे? विमान जमिनीपासून सुमारे दहा किलोमीटर उंचीवरून, ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जाते. त्यास तापीवरील पूल शोधावा लागत नाही, घाट चढावा लागत नाही, व धुळ्याच्या स्थानकावर चहासाठी थांबावे लागत नाही. तथापि त्याचाही वेळ नेहमी सारखा नसतो. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहत असतात. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानास ते समोरून अडवितात व परतताना पाठीमागून ढकलतात. म्हणून परतीचा प्रवास तासाभराने कमी होतो. मनुष्याचे व्यवहारही या वेळेत हात घालतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या कित्येक भारतीय विमानांस वळसा घ्यावा लागून त्यांचा वेळ वाढला. दोन शहरे जेथल्या तेथे होती, त्यांच्यामधील अंतर इंचभरही वाढले नव्हते. तरी ती एकमेकांपासून दूर गेली.

यात आणखी एक फसगत आहे, ती घड्याळाची. समजा, हिवाळ्यात एक विमान मुंबईहून दुपारी १ वाजता निघाले व लंडनला तेथील घड्याळाप्रमाणे सायंकाळी ५॥ वाजता उतरले. अजाण मनुष्य म्हणेल, प्रवास साडेचार तासांचा झाला. वस्तुतः हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. म्हणून प्रवास दहा तासांचा झाला. उन्हाळ्यात तेथील लोक आपले घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेचार तासांचा उरतो. विद्यार्थ्यांनी परतीच्या प्रवासाचे असेच एक उदाहरण मांडून सोडवावे. त्यात पूर्व-पश्चिम रेखावृत्तांचा सगळा धडा येऊन जातो.

आता पूर्वीचा काळ पाहा. १८६९ साली सुएझचा कालवा खुला होण्यापूर्वी विलायतेस जाणारी जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालीत, व त्या प्रवासास महिने लागत. कालव्यामुळे व आगबोटींमुळे ही मुदत काही आठवड्यांवर आली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपालाचे छोटे विमान स्वतः चालवीत कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस आणले. पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला पोहोचले. १९६० साली त्याच कंपनीची जेट विमाने या मार्गावर धावू लागली. त्यानंतर विमानाचा वेग म्हणण्यासारखा वाढलेला नाही. वाटेतले थांबे मात्र गळाले. तात्पर्य, महिन्यांचे आठवडे झाले, आठवड्यांचा दिवस झाला, व दिवसाचे दहा तास झाले.

हे सर्व वाचून, जग किती जवळ आले, असे म्हणण्याचा मोह होतो. वर्तमानपत्रे तसे म्हणतातही. परंतु आपण दारापासून दारापर्यंतचा हिशेब मांडू. ब्राह्मणपुरीचा एखादा तरुण लंडनला निघाला, तर मुंबईपर्यंत दहा तास, विमानतळावर तीन तास आधी हजर राहिले पाहिजे, ते तीन, विमानात दहा, आणि तेथे उतरून तपासणी आटोपून मुक्कामी जाईपर्यंत दोन. एकूण पंचवीस तास झाले. यांपैकी विमानाचे तास केवळ दहा, म्हणजे पाच भागांतील दोन भाग. पण त्या दोन भागांत सबंध वाटेची शेकडा ९० हून अधिक मजल संपली. उरलेल्या थोड्या मजलेने तीन भाग वेळ खाल्ला! विमानाने प्रवासाचा मधला भाग आखूड केला, दोन्ही टोके मात्र तशीच राहिली. आणि मनुष्य राहतो टोकांवर. मधल्या आकाशात कोणी राहत नाही.

येथवरचे विवेचन भूगोलाचे झाले. आता ज्या कारणासाठी ते केले तिकडे वळतो.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. घरची शेती, स्वभाव मायाळू, मुलांच्या शिक्षणाविषयी आस्था. त्यांचा थोरला मुलगा आपल्याच शाळेत शिकला, पुढे अभियंता झाला, व आता इंग्लंडात नोकरीस आहे. धाकटी मुलगीही आपल्याच शाळेची. बारावी उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्यावर तिने नाशिक येथे परिचारिकेचे शिक्षण घेण्याची इच्छा धरली, व वडिलांशी बोलण्याची विनंती मला केली. मी त्यांच्या घरी गेलो. बोलण्याच्या ओघात मी सहज म्हटले, "भाऊ, मुलगा फार दूर आहे, करमत नसेल." ते हसून म्हणाले, "दूर कसला गुरुजी? विमानात बसला की नऊ-दहा तासांत मुंबई." नंतर मी मुलीचा विषय काढला. त्यांचा चेहरा गंभीर झाला. ते म्हणाले, "नाशिक फार लांब पडते, गुरुजी."

सात हजार दोनशे किलोमीटर जवळ, आणि अडीचशे किलोमीटर लांब! त्या गृहस्थांस हसण्याचा मला अधिकार नाही, कारण त्यांच्यासारखेच बोललेले पुष्कळ पालक मी पाहिले आहेत. किंबहुना माझ्या स्वतःच्या मुलीच्या वेळी माझ्याही मनात हाच विचार येऊन गेला होता, हे येथे कबूल करतो. आपल्या घरांत अंतर मोजण्याची दोन मापे आहेत. मुलाचे अंतर आपण विमानाच्या घड्याळाने मोजतो, आणि मुलीचे अंतर आपल्या काळजीने मोजतो. मुलाच्या हिशेबात आपण टोके विसरतो; मुलीच्या हिशेबात आपणांस टोकांवाचून दुसरे काही दिसतच नाही.

मी त्यांस उपदेश केला नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे जुने पान मागून घेतले, आणि त्याच्या पाठीवर दोन रकाने आखले. एकात मुलाचा दारापासून दारापर्यंतचा प्रवास मांडला. तो पंचवीस तास आला. दुसऱ्यात मुलीचा मांडला : गाव ते शहादा, शहादा ते नाशिक बसने सहा-सात तास, स्थानकापासून वसतिगृह अर्धा तास, सगळे मिळून आठ तास. गृहस्थ बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हिशेब बरोबर आहे, गुरुजी. पण रात्री दहा वाजता ती स्थानकावर एकटी उतरली तर तिला घ्यायला कोण येणार?"

मला वाटते, त्या संध्याकाळी विचारला गेलेला सर्वांत शहाणपणाचा प्रश्न तोच होता. त्यांस नाशिकच्या अडीचशे किलोमीटरांची भीती नव्हती. बसचे स्थानक आणि वसतिगृहाचे दार यांमधल्या तीन-चार किलोमीटरांची होती. ही भीती खरी आहे. तिला उत्तर हवे, नकार नव्हे. मी म्हणालो, "सकाळच्या बसने ती निघाली तर दुपारी पोहोचेल, मग रात्रीचा प्रश्न येतो कोठे? आणि पहिल्या खेपेस तुम्ही स्वतः बरोबर जा, वसतिगृह डोळ्यांनी पाहा, तेथील बाईंशी बोला." यावर ते काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या; त्या मात्र म्हणाल्या, "मीही येईन."

या प्रसंगी मला आनंदीबाई जोशी यांची आठवण झाली, व ती विद्यार्थिनींच्या पुढे मुद्दाम ठेवतो. ७ एप्रिल १८८३ रोजी, वयाची अठरा वर्षे नुकतीच पुरी झालेली असताना, त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. प्रवासाचे दिवस अठ्ठावन्न. आज मुंबई ते न्यूयॉर्क हे सुमारे साडेबारा हजार किलोमीटरांचे अंतर विमान न थांबता पंधरा-सोळा तासांत तोडते. पण आनंदीबाईंच्या धैर्याची थोरवी सांगताना आपण एक गोष्ट विसरतो. बोटीवर त्यांना ओळखीच्या मिशनरी स्त्रियांची सोबत होती, व पलीकडच्या बंदरावर कार्पेंटरबाई त्यांची वाट पाहत होत्या. या बाईंनी त्यांना पूर्वी कधीही पाहिले नव्हते. केवळ पत्रांवरून स्नेह जडला होता. प्रवासाचा मधला भाग अठ्ठावन्न दिवसांचा असला तरी दोन्ही टोके माणसांनी धरलेली होती. म्हणूनच ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊ शकल्या. १८८३ साली जे अठ्ठावन्न दिवसांच्या वाटेवर साधले, ते आज आठ तासांच्या वाटेवर साधणार नाही काय?

कोणी म्हणेल, काळ वाईट आहे, मुलगी दूर पाठविण्यात धोका आहे. धोका आहेच, परंतु तो किलोमीटरांनी वाढत वा कमी होत नाही. गावातल्या गावात अंधाऱ्या वाटेवर तो असतो, आणि सातासमुद्रांपलीकडे उजेडाच्या वाटेवर नसतो. दुसरे कोणी खर्चाचा प्रश्न काढील. तो खरा आहे, व ज्याचा त्याने सोडवावा. पण मुलाच्या वेळी आपण खर्चाला खर्च म्हणतो, आणि मुलीच्या वेळी त्यालाच अंतर म्हणतो, एवढे तरी मनाशी कबूल करावे.

आपल्या जिल्ह्यात तर ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस तापी यांच्यामध्ये वसलेल्या आपणां लोकांस मुंबई रात्रभराच्या वाटेवर आहे. धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांतील दूरच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलामुलींस तर शाळेपर्यंतची वाटच लंडनसारखी आहे. डोंगरातली पायवाट उतरावी, गाडीरस्त्याला लागावे, मिळेल त्या वाहनाची वाट पाहावी, यात पावसाळ्यातला अर्धा दिवस जातो. त्या मुलांच्या आईबापांनी नकाशावरील मोजमाप कधी पाहिलेले नाही. तरी त्यांनी आपली लेकरे वसतिगृहात ठेवून शिकविली आहेत. वाट अवघड म्हणून त्यांनी शिक्षण नाकारले नाही. वाटेच्या शेवटी भरवशाचे दार आहे की नाही, एवढेच पाहिले.

म्हणून पालकांस माझे सांगणे असे आहे. आपल्या पाल्याने, मग तो मुलगा असो की मुलगी, दूरच्या गावी शिकावयास जाण्याची इच्छा दर्शविली, तर 'लांब आहे' किंवा 'जवळ आहे' असे एकदम म्हणू नये. कागद घेऊन तीन गोष्टी लिहाव्यात. पहिली, घराच्या दारापासून तेथील दारापर्यंत एकूण तास किती. दुसरी, प्रवासाच्या प्रत्येक टोकाला ओळखीचे वा भरवशाचे माणूस कोण. तिसरी, वर्षातून किती वेळा घरी येता येईल. मुलासाठी व मुलीसाठी कागद एकच असावा. त्यातील एखादी जागा रिकामी राहिली, तर ती भरण्याचा प्रयत्न करावा. आणि तेथे आम्हां शिक्षकांनी, माजी विद्यार्थ्यांनी व गावातील जाणत्या मंडळींनी हात द्यावा. ज्या शहरात आपल्या शाळेची चार मुले आधी गेली आहेत, त्या शहरी पाचव्या मुलीस स्थानकावर घ्यावयास कोणीच न यावे, ही आपणां सर्वांस लाज आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठीही दोन शब्द. तुमच्यापैकी काही जण पुढे परदेशी जातील. आपल्या शाळेस त्याचा अभिमानच वाटेल. तेथे गेल्यावर आईवडिलांस 'दहा तासांचा तर प्रवास आहे' असे सांगून धीर देऊ नका. ते दहा तास तुमच्या हिशेबातले आहेत. त्यांच्या हिशेबात शेवटच्या भेटीपासून पुढच्या भेटीपर्यंतचे दिवस असतात, आणि ते कोणत्याही विमानाच्या वेळापत्रकात छापलेले नसतात.

त्या गृहस्थांच्या मुलीची हकिकत सांगून लेख पुरा करतो. तिने गेल्या वर्षी नाशिकला प्रवेश घेतला. आईवडील दोघेही तिला पोहोचवावयास गेले होते. दर दोन महिन्यांनी ती शनिवारी सकाळच्या बसने निघते व दिवेलागणीपूर्वी घरी येते. तिच्या भावास येऊन दोन वर्षे झाली. परवा ते गृहस्थ मला बाजारात भेटले. मी मुलाची खुशाली विचारली, तेव्हा पूर्वीप्रमाणे 'नऊ-दहा तासांत मुंबई' असे ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "गुरुजी, लेक जवळ आहे. मुलगा मात्र फार लांब गेला."